लेकराचे श्वास कोण मोजणार?



आपल्या वार्तापत्रातले आरोग्याचे पाठ महिला मंडळात आणि तरुण संघात वाचले जातात, त्यांवर चर्चाही होते. म्हणून या तिमाहीचा पाठ मी एका प्रश्नापासून सुरू करते. आमचे काम पाहायला आलेल्या एका देणगीदार बांधवांनी तो मला विचारला होता. आरोग्यवर्गाचा खर्च मी त्यांना सांगत होते : इतके थर्मामीटर, इतके वजनकाटे, वर्गाला येणाऱ्या बायकांचे एसटीचे भाडे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सिस्टर, हे ठीक आहे. पण आजारी लेकराला डॉक्टर लागतो. नर्सच्या नाहीतर आशाच्या हवाली लेकरू करून कसं चालेल?"

प्रश्न प्रामाणिक होता. मी चौतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले, त्यातली बहुतेक बालरुग्ण विभागात. तरीही त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देते.

१. एक रात्र

ही गोष्ट १९८० नंतरच्या दशकातली आहे. मी नुकतीच कामाला लागले होते. रुग्णालयाचे नाव घेत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी अशीच पद्धत होती. पावसाची झड लागलेली. रात्री दहाच्या सुमारास शेतावर राखणीला राहणाऱ्या भिल्ल कुटुंबातली एक बाई चार महिन्यांचे लेकरू पदराखाली घेऊन आली. "सिस्टर, लेकरू लई धापतंय. दूध बी घेईना," एवढेच ती म्हणाली.

डॉक्टर गावात नव्हते. वॉर्डबॉयला सायकलवर निरोप घेऊन पाठवले. डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय ऑक्सिजन सुरू करायचा नाही, इंजेक्शन भरायचे नाही, असा नियम होता. सिलिंडर कोपऱ्यात उभा होता. मी लेकराचे ओले कपडे बदलले, त्याला घोंगडीत गुंडाळले, केसपेपर भरला आणि वाट पाहत बसले. पहाटे चारच्या सुमारास डॉक्टर भिजत आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "श्वास किती आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. भिंतीवर घड्याळ होते, समोर लेकरू होते, मला आकडे मोजता येत होते. पण मोजणे हे डॉक्टरांचे काम, असे माझ्या मनात पक्के बसले होते. उजाडायच्या आत ते लेकरू गेले. ऑक्सिजन लावला असता तर ते वाचले असते, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण सहा तास त्याच्यासाठी काहीच झाले नाही, हे मी सांगू शकते.

सकाळी त्या आईने मला विचारले, "मी उशीर केला का वो सिस्टर?" मला काही बोलता आले नाही. तिने उशीर केला नव्हता.

२. डॉक्टर फेरीला, परिचारिका उशाशी

बालरुग्ण विभागात मोठ्यांच्या विभागापेक्षा एक गोष्ट वेगळी असते. लेकरू स्वतः काही सांगत नाही, आणि त्याची तब्येत फार लवकर पालटते. मोठा माणूस दोन दिवस तापाने फणफणला तरी तग धरतो. दीड किलोचे बाळ अर्धा तास उघडे राहिले तरी थंड पडते, त्याची साखर उतरते, श्वास मंदावतो. डॉक्टरांची फेरी एका खाटेपाशी काही मिनिटांची असते. उरलेला दिवस आणि सगळी रात्र बाळाशेजारी परिचारिका आणि आई असतात. बिघाड पहिल्यांदा दिसतो तो त्यांनाच.

आता जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असतो. त्याला सगळे एसएनसीयू म्हणतात. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळे तिथे ठेवतात. तिथल्या परिचारिकेला नुसते डॉक्टरांनी सांगितलेले औषध देऊन भागत नाही. न रडणाऱ्या बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात मास्क आणि फुग्याने श्वास देणे, सलाइनचा वेग थेंबाथेंबाने सांभाळणे, बाळाचे तापमान आणि साखर तपासणे, नळीने आईचे दूध पाजणे, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून कांगारू पद्धतीने ऊब देणे, या सगळ्याचे तिला शिक्षण मिळालेले असते. काही वेळा तिला डॉक्टरांना थांबवावेही लागते. लहान मुलांचे औषध वजनावर ठरते. एकदा एका शिकाऊ डॉक्टरांच्या आदेशात दशांशाचे चिन्ह सुटले आणि औषध दहापट लिहिले गेले. बाळाचे वजन पाठ असलेल्या परिचारिकेने विचारले, "सर, हे पुन्हा एकदा बघता का?" त्यांनी बघितले, खोडले आणि तिचे आभार मानले. असे विचारण्याचे धाडस तिला कुठून आले? तिला शिकवले होते, आणि तिने विचारलेले त्या विभागात चालत होते.

३. जगात आणि आपल्या देशात

परिचारिकेला जास्त शिकवून, ठरलेल्या मर्यादेत तपासण्याची आणि उपचाराची जबाबदारी देण्याची पद्धत अमेरिकेत १९६५ साली सुरू झाली. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम काढला. तो मुलांच्याच आरोग्यासाठी होता, कारण गरीब वस्त्यांत आणि खेड्यांत मुलांना तपासायला डॉक्टर पुरत नव्हते. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टरांच्या सहायकांचा पहिला वर्ग भरला. त्यात नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले जवान होते. आज अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांत हे दोन्ही प्रकारचे लोक डॉक्टरांच्या बरोबरीने फेरी करतात, मुलांना तपासतात आणि औषधे लिहितात.

आपल्याकडे मद्रास मेडिकल मिशनमध्ये १९९२ साली डॉक्टरांच्या सहायकांचे शिक्षण सुरू झाले. पुढे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाळंतपणासाठी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ घडवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२१ च्या कायद्याने डॉक्टरांच्या सहायकांच्या पेशालाही मान्यता मिळाली.

ही नावे आपल्या भागात नवी वाटतील. पण त्यामागचा विचार आपल्या शेजारीच, आणि त्याहीपुढे जाऊन, कधीच अमलात आला आहे. त्यासाठी बीडची शीव ओलांडली की पुरे.

४. जामखेड

आष्टी आणि पाटोदा तालुक्यांना लागून जामखेड आहे. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तिथे आले. आपल्यातल्या जुन्या मंडळींनी त्यांना पाहिलेही असेल. तालुका दुष्काळी. रुग्णालयात येणारी लेकरे बरी होऊन घरी जात आणि त्याच जुलाबाने, त्याच उपासमारीने पुन्हा परत येत. १९७१ मध्ये तिथे जन्मणाऱ्या १००० बाळांपैकी १७६ पहिला वाढदिवस पाहत नव्हती.

त्यांनी आधी शिकलेल्या परिचारिका खेड्यात ठेवून पाहिल्या, पण त्या गावच्या नव्हत्या आणि तिथे टिकत नव्हत्या. मग त्यांनी गावांनाच सांगितले, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. आलेल्या बायकांपैकी अनेक दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन गावात काम करत. बाळंतपण स्वच्छ कसे करायचे, जुलाब झाल्यावर साखर-मिठाचे पाणी कसे पाजायचे, बाळाला वरचे अन्न कधी सुरू करायचे, कोणते लेकरू ताबडतोब रुग्णालयात न्यायचे, हे त्या शिकल्या आणि त्यांनी दुसऱ्यांना शिकवले. पुढच्या दोन-तीन दशकांत बालमृत्यू कित्येक पटींनी उतरले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या बायकाही असत.

रुग्णालय बंद झाले नाही, हे इथे लक्षात ठेवू. गावात हाताळता न येणारे लेकरू तिथेच जात होते. गावातली बाई आणि रुग्णालयातला डॉक्टर ही एकाच दोरीची दोन टोके होती.

५. गडचिरोली

दुसरे उदाहरण आदिवासी जिल्ह्यातलेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे न्यूमोनियाने फार मुले दगावत होती. न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप आणि एक्स-रे लागतो, असे आपण समजतो. पण आजारी लेकराचे श्वास वाढलेले असतात आणि श्वास मोजायला फक्त एक मिनिट आणि एक डोळस माणूस लागतो. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा बायकांसाठी त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी बसवलेले साधे साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया.

त्यानंतर त्यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत निवडलेल्या बायकांना शिकवले, आणि तुलनेसाठी ४७ गावे पाहिली. या बायका बाळंतपणाला हजर राहत, पुढचा महिनाभर घरी जाऊन बाळ तपासत, वजन करत. जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसली आणि आईवडील रुग्णालयात न्यायला तयार नसले, तर त्या स्वतः जेंटामायसिनचे इंजेक्शन देत आणि तोंडाने दुसरे औषध पाजत. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. जंतुसंसर्ग झालेल्या १०० बाळांपैकी आधी सुमारे १७ दगावत, ते ३ वर आले. हा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढे सरकारने याच धर्तीवर आशाताईंच्या घरभेटी ठरवल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही जाते. म्हणजे आपल्या वस्तीवर पिशवी घेऊन येणाऱ्या बाईच्या मागे हा सगळा अभ्यास उभा आहे. आपण तिला "सरकारी बाई आली" म्हणून दारातूनच परत पाठवतो, तेव्हा हे आपल्याला ठाऊक नसते.

६. केज तालुक्यातली दुपार

आता अगदी अलीकडची गोष्ट सांगते. आपल्या बीड जिल्ह्यात आदिवासी शंभरात दोनसुद्धा नाहीत. म्हणूनच ते नजरेआड राहतात. भिल्ल आणि पारधी कुटुंबे गावाबाहेर, माळावर, पालांत असतात. दिवाळीच्या आसपास उचल घेतलेली माणसे कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधल्या पाच महिन्यांत लेकराचे लसीकरण चुकते, वजन होत नाही, कार्ड खोपीतच कुठेतरी हरवते.

मार्च अखेरची दुपार होती. नुकत्याच परतलेल्या एका पारधी कुटुंबात सात महिन्यांची मुलगी धापत होती. बाप तिला बाजाराच्या गावी सुई टोचणाऱ्याकडे न्यायला निघाला होता. तेवढ्यात आमच्या वर्गाला येणारी आशाताई तिथे पोचली. आजी तिच्यावर खेकसली, "तू काय डाक्टरीण हाईस व्हय?"

ती म्हणाली, "न्हाई आजी, डॉक्टरीण न्हाई मी. पण लेकराचे श्वास मोजते, तेवढं मोजू द्या."

तिने मुलीला आईच्या मांडीवर शांत होऊ दिले, झबले वर केले आणि पूर्ण एक मिनिट मोजले. बासष्ट. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. दूध दोन घोट घेऊन सुटत होते. तिने उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. त्या बी.एस्सी. नर्सिंग करून सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण घेतलेल्या आहेत. त्यांनी सांगितले, पहिला डोस पाज आणि १०८ ला फोन कर, मी येते. २०१९ पासूनच्या 'सांस' मोहिमेत आशाताईंना रुग्णालयात पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देण्याची मुभा आहे. अधिकारी ताई स्कूटीवर आल्या, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर मुलीच्या पायाला लावले. आकडा ८६ आला. तो ९० च्या वर असायला हवा.

रुग्णालयात डॉक्टर दुसऱ्या आजाऱ्यापाशी अडकले होते. पण तिथे भिंतीवर लेखी सूचना लावलेली आहे, ऑक्सिजन इतक्याखाली असेल तर परिचारिकेने तो आधी सुरू करावा आणि मग कळवावे. परिचारिकेने नळी लावली आणि वेळ लिहिली. डॉक्टर आले, त्यांनी विचारले, "श्वास किती?" तिने वस्तीवरचा आकडा आणि आत्ताचा आकडा, दोन्ही सांगितले. पुढचे निदान, इंजेक्शने, रक्ताची तपासणी हे सगळे डॉक्टरांनी केले. ते दुसरे कोणी करू शकले नसते. सहाव्या दिवशी मुलगी घरी आली.

मी हे ऐकले तेव्हा मला तो कोपऱ्यातला सिलिंडर आठवला. चाळीस वर्षांत दोन बदल झाले. मोजायला शिकवले गेले, आणि मोजल्यावर काहीतरी करण्याचा अधिकार दिला गेला.

७. मग बोगस डॉक्टर आणि हिच्यात फरक काय?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. सुई टोचणाराही पूर्ण डॉक्टर नसतो, आशाही नसते. फरक चार गोष्टींत आहे. आशाताईला किंवा परिचारिकेला ठरावीक कामाचे प्रशिक्षण मिळालेले असते. काय करायचे आणि काय करायचे नाही याची तिची लेखी मर्यादा असते. तिच्या नोंदी कोणीतरी वरचे तपासते. आणि लेकरू हाताबाहेर आहे हे दिसताच ते पुढे पाठवण्यात तिचे नुकसान नसते. सुई टोचणाऱ्याकडे यातले काहीच नसते. प्रत्येक तापाला तोच सलाइन, तेच इंजेक्शन, आणि लेकरू पुढे पाठवले तर त्याचे पैसे बुडतात.

म्हणून यातली एक जरी गोष्ट काढून घेतली तरी चांगली परिचारिकाही अडचणीत येते. प्रशिक्षण दिले आणि औषध संपले तर ती रिकाम्या हाताने उभी राहते. जबाबदारी दिली आणि फोन उचलायला डॉक्टर नसला तर ती एकटी पडते. एका परिचारिकेकडे झेपेल त्याहून दुप्पट लेकरे दिली तर ती मोजणार तरी किती? डॉक्टर कमी आहेत म्हणून काम परिचारिकेवर ढकलणे आणि तिला तयार करून काम सोपवणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीचे समर्थन मी करत नाही.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसतो आणि लोक ताटकळत उभे असतात, हे आपण शब्बाथ शाळेत शिकलो आहोत. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही. लायक माणसे निवड, त्यांना आधी शिकव, लहान गोष्टी त्यांना पाहू दे, अवघड तेवढ्या तुझ्याकडे येऊ दे. त्यात निवड आहे, शिकवणे आहे आणि अवघड गोष्ट वर पाठवण्याची वाटही आहे.

८. आपण काय करू शकतो

पहिले, श्वास मोजायला शिका. लेकरू शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, छाती-पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास आले तर लेकरू त्याच दिवशी दाखवायचे. दूध-पाणी घेत नसेल, सगळे ओकत असेल, झटके आले असतील, सुस्त पडले असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. आणि बाळ दोन महिन्यांच्या आतले असून अंग गरम किंवा गार लागत असेल, तरी थांबू नका.

दुसरे, १०८ ची रुग्णवाहिका बोलवायला पैसे लागत नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. पालावरच्या आईला हे ठाऊक नसते, आणि दवाखान्याच्या दारात तिला तिष्ठत ठेवले तर ती परत फिरते. तिच्याबरोबर आपल्यातले एक माणूस गेले तर तिला आत वाट मिळते.

तिसरे, देणगी देताना इमारत आणि यंत्राबरोबर माणसाचाही विचार करा. आदिवासी वस्तीतली एक मुलगी नर्सिंगला पाठवायची तर फी, वसतिगृह, पुस्तके आणि गणवेश लागतो. ती मुलगी पुढची तीस-पस्तीस वर्षे रात्रपाळीला कोणाच्या तरी उशाशी जागणार असते.

चौथे, आशाताई घरी आल्यावर तिला बसायला सांगा, पाणी द्या, आणि बाळ तिच्या हाती द्या.

त्या बांधवांना मला जे सांगायचे होते ते हेच. दादा, लेकराला डॉक्टर लागतोच. पण डॉक्टर येईपर्यंतचे तासही लेकराचेच असतात, आणि त्या तासांत त्याच्याजवळ कोण आहे, तिला काय येते आणि तिला काय करू दिले जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते. तुम्ही दिलेल्या पैशांतून घेतलेले घड्याळ त्या दुपारी केज तालुक्यातल्या त्या आशाताईच्या मनगटावर होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात किंवा वस्तीत रात्री लेकरू आजारी पडले तर पहिल्या तासात त्याच्याजवळ कोण असते? त्या व्यक्तीला श्वास मोजता येतात का?

२. आपल्या आशाताईंचे आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचे नाव व फोन नंबर मंडळीतल्या किती जणांकडे आहेत? नसतील तर या आठवड्यात मिळवा.

३. जामखेडच्या गावांनी आपल्यातूनच बाई निवडून दिली. आपल्याला निवडायची वेळ आली तर आपण कोणाला निवडू, आणि कोणाला तिच्या जातीमुळे किंवा गरिबीमुळे वगळू?

४. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या लेकरांची कार्डे मंडळीने जपून ठेवून, त्यांच्या प्रती सोबत देता येतील का? ही जबाबदारी कोण घेईल?

प्रार्थनेसाठी विषय

आज रात्रपाळीला असलेल्या परिचारिका. माळावरच्या पालांत आजारी लेकरू घेऊन बसलेल्या आया. आणि नर्सिंगच्या प्रवेशासाठी अर्ज भरलेल्या आपल्या वस्त्यांतल्या मुली.

पुढच्या वर्गाला येताना सेकंदकाटा असलेले घड्याळ बरोबर आणा. आपण एकमेकांच्या लेकरांचे श्वास मोजून पाहू.